आपल्या माघारी : मृत्युपत्र आणि कुटुंबाचे भवितव्य

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त जवाहर नगर, जयपूर येथे झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या निमित्ताने शाळा आपल्या मुलांना भेटावयास निघाली आहे. खानापूर तालुक्यातील शाळेची मुले शोधावयाची, तर ती गावच्या वेशीत थोडी आणि वेशीबाहेर फार सापडतात. विटा, खानापूर, आटपाडी हा अवर्षणाचा मुलूख. कोरडवाहू शेतीवर भागेना, तेव्हा आपली माणसे गलाईचा व्यवसाय हाती घेऊन देशभर पांगली. सोने-चांदी आटविण्याच्या मुशीपुढे बसून त्यांनी परमुलखात नाव कमावले. जयपूर तर जवाहिरांचे शहर. येथे आज आपली भाषा बोलणारी इतकी माणसे एकत्र पाहून ऊर भरून येतो.

संयोजकांनी मला 'शाळेच्या आठवणी' हा विषय सुचविला होता. मी त्यांची क्षमा मागते. आठवणी आपण जेवताना काढू. हातात व्यासपीठ आहे तोवर, एरवी आपल्या घरात जो विषय कोणी काढू देत नाही, तो काढावा असे मी ठरविले आहे. आपण नसताना आपल्या माणसांचे काय होईल, हा तो विषय.

त्याचे कारण सांगते. २०२१ च्या पावसाळ्यात एक बाई दोन मुलांना घेऊन माझ्या कार्यालयात आल्या. त्यांचे यजमान आपल्याच शाळेचे विद्यार्थी. दूरच्या एका शहरात त्यांचे गलाईचे दुकान होते. साथीत ते गेले. बाईंना मुलांचे दाखले करावयाचे होते आणि यजमानांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याची प्रत हवी होती. बोलता बोलता त्यांनी पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "बाई, यातलं कामाचं कुठलं आणि बिनकामाचं कुठलं, एवढं तरी सांगा."

आम्ही दोघी तासभर ते कागद लावीत बसलो. बँकेची दोन पासबुके निघाली. तिसरे खाते असल्याचे तिला कोणा कामगाराकडून कळले होते. विम्याची एक पावती होती, पॉलिसी नव्हती. व्यवहार सारा तोंडी. तिने मला एक वाक्य सांगितले, ते मी विसरू शकत नाही. "ज्यांचं आमच्याकडून येणं होतं, ते दहाव्याच्या आत आले, ज्यांच्याकडून आमचं येणं होतं, ते अजून आले नाहीत."

हा गृहस्थ बेफिकीर नव्हता. शाळेत असताना त्याची वही नमुन्यादाखल वर्गात फिरे. कुटुंबासाठी त्याने पुष्कळ मिळविले होते. फक्त ते कोठे आहे, हे त्याच्यावाचून कोणास ठाऊक नव्हते. बेचाळिसाव्या वर्षी मरण येईल, असे कोण धरून चालतो?

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. मी मराठीची शिक्षिका आहे, वकील नाही. परंतु त्या दिवसानंतर मी जाणकारांना विचारून, वाचून जे समजून घेतले ते आपल्यापुढे ठेवते.

मृत्युपत्र न करता हिंदू पुरुष मरण पावला, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्याची मिळकत पहिल्या वर्गाच्या वारसांना सारखी वाटली जाते. पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे त्यांतील प्रमुख. पत्नी, एक मुलगा, एक मुलगी आणि आई असतील तर चार समान हिस्से. 'नवऱ्याचे सारे बायकोचेच' ही आपली समजूत कायद्यात नाही. वडील हे पहिल्या वर्गाचे वारस नाहीत, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. वृद्ध वडिलांची सोय मुलाने मृत्युपत्रात लिहिली नसेल, तर त्यांचा हिस्सा आपोआप निघत नाही.

त्या बाईंचे घर एकट्या यजमानांच्या नावे होते. त्यांच्या मृत्यूने त्यात दोन्ही मुलांचे हिस्से पडले आणि मुले अज्ञान. अज्ञान मुलाच्या हिश्श्याची स्थावर मिळकत आईलासुद्धा न्यायालयाच्या पूर्वपरवानगीवाचून विकता येत नाही. मुलांच्या रक्षणासाठीच हा नियम आहे आणि तो योग्य आहे. परंतु घर विकून कर्ज फेडावे आणि गावी यावे, एवढाच तिचा विचार होता. परवानगी मिळाली, मात्र ती मिळेपर्यंत हप्ते थकत गेले. दोन पानांचे मृत्युपत्र असते, त्यात घर पत्नीला दिलेले असते, तर तिचे पाऊल असे अडखळले नसते.

दुसरी समजूत नामनिर्देशनाची, म्हणजे आपण ज्याला 'नॉमिनी' म्हणतो त्याची. 'खात्याला बायकोचे नाव लावले आहे, आता काळजी नाही,' असे कित्येक जण सांगतात. नाव अवश्य लावावे. त्यामुळे पैसे लवकर हाती येतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यास चार व्यक्तींपर्यंत नावे लावता येतात. परंतु नॉमिनी हा सामान्यतः पैसे ताब्यात घेणारा असतो, मालक असतोच असे नाही. या संबंधातील एक महत्त्वाचा निर्णय आपल्या ओळखीच्या नावाशी जोडलेला आहे. 'कालनिर्णय' आपल्या घरांच्या भिंतीवर असते, येथे जयपुरातही असेलच. त्याचे संस्थापक जयंत साळगावकर २०१३ साली निवर्तले. त्यांनी मृत्युपत्र केले होते आणि काही गुंतवणुकींना नॉमिनीही नेमले होते. मग हक्क कोणाचा, नॉमिनीचा की वारसांचा, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ डिसेंबर २०२३ रोजी निर्णय झाला : कंपनी कायद्याखालील नामनिर्देशनाने नॉमिनी मालक होत नाही, मिळकत जाते ती मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणे. आयुर्विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, पती-पत्नी वा मुले नॉमिनी असतील तर त्यांचा हक्क अधिक बळकट झाला आहे. तेव्हा नॉमिनी आणि मृत्युपत्र या दोहोंत एकच नाव येईल, असे पाहावे.

आता मी विशेषतः माझ्या भगिनींशी बोलते. तुमच्यापैकी पुष्कळ जणी नोकरी करतात, कोणी शिकवण्या घेतात, कोणी दुकान सांभाळतात. तुमच्या कमाईचे तुमच्या माघारी काय होते, याचा विचार कोणी केला आहे? हिंदू स्त्री मृत्युपत्रावाचून वारली, तर तिची मिळकत प्रथम तिची मुले व पती यांच्याकडे जाते. मुले आणि पती नसतील, तर पुढचा क्रम पतीच्या वारसांचा लागतो. तिचे स्वतःचे आई-वडील त्यांच्याही मागे. माहेरच्या आई-वडिलांकडून वारसाने आलेल्या मिळकतीचा नियम वेगळा आहे. पण स्वतःच्या कमाईला हाच क्रम लागतो. एका स्त्रीचे लग्न १९५५ साली झाले. तीन महिन्यांत पती सर्पदंशाने गेला. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले. माहेरी परतून ती शिकली, नोकरीस लागली आणि आयुष्यभराची पुंजी साठवून १९९६ साली वारली. मृत्युपत्र नव्हते. तिच्या आईने त्या पुंजीवर हक्क सांगितला आणि पतीच्या बहिणीच्या मुलांनीही. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला तो पतीच्या बहिणीच्या मुलांच्या बाजूने. कायद्याचा शब्द तसा होता. सहानुभूतीने तो बदलता येत नव्हता. त्या बाईंच्या हातची एक सही असती, तर ती पुंजी तिच्या आईला मिळाली असती.

या कायद्यापर्यंत पोहोचण्यासही स्त्रियांना दीर्घ काळ लागला. १९३७ सालचा हिंदू विधवेला पतीच्या मिळकतीत वाटा देणारा कायदा डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नाने झाला. पण तो वाटा केवळ हयातीपुरता होता. हिंदू कोड बिल रखडले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५६ साली स्त्री आपल्या मिळकतीची पूर्ण मालकीण झाली. महाराष्ट्राने १९९४ साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला आणि ९ सप्टेंबर २००५ पासून तो देशभर लागू झाला. वडील त्या दिवशी हयात असले पाहिजेत, अशी अट नाही, हे २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले.

येथे एक गोष्ट माझ्या घरची सांगते. वडील गेल्यानंतर आम्ही बहिणींनी भावाच्या नावे हक्कसोड पत्रावर सह्या केल्या. भाऊ चांगला आहे, आजही माहेरपण करतो. माझी तक्रार नाही. परंतु त्या दिवशी मला कोणी विचारले नाही आणि मीही कोणाला विचारले नाही. कागद पुढे आला, बोट दाखविले तेथे मी सही केली. एम. ए. झालेली, मुलांना 'वाचल्यावाचून सही करू नये' असे शिकविणारी मी, तो कागद वाचला नव्हता. हक्क सोडणे चूक नाही. विचारल्यावाचून गृहीत धरणे आणि वाचल्यावाचून सोडून देणे, या दोन्ही चुका आहेत. तुमच्या मुलींच्या वाट्याला त्या येऊ देऊ नका.

मृत्युपत्र करणे अवघड आहे काय? मुळीच नाही. अठरा वर्षे पूर्ण झालेली, शुद्धीवर असलेली कोणतीही व्यक्ती ते करू शकते. साध्या कागदावर चालते. मुद्रांक लागत नाही. हाताने लिहा वा टंकलिखित करा, मराठीत लिहा वा हिंदीत. आपली सही हवी आणि आपल्याला सही करताना पाहणाऱ्या, अथवा आपण सही केल्याचे आपल्या तोंडून ऐकणाऱ्या, किमान दोन साक्षीदारांनी आपल्यासमोर सह्या केल्या पाहिजेत. साक्षीदार शक्यतो आपल्याहून तरुण असावेत आणि ज्यांना काही मिळावयाचे आहे त्यांतले नसावेत. नोंदणी सक्तीची नाही, पण करावी हे बरे. ती कोणत्याही दुय्यम निबंधकाकडे होऊ शकते. गावची जमीन आणि जयपूरचे घर एकाच मृत्युपत्रात येऊ शकते. प्रकृतीचा प्रश्न असेल, तर शुद्धीवर असल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे. अंमलबजावणीसाठी एक विश्वासू व्यवस्थापक नेमावा. मुले लहान असतील तर पालक कोण, तेही लिहावे. मन बदलले तर नवे करता येते. शेवटचे असते तेच खरे.

एवढे मात्र ध्यानात ठेवावे की, जे आपले आहे त्याचेच मृत्युपत्र होते. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत आपल्या हिश्श्यापुरतेच लिहिता येते. आपल्या मुस्लिम विद्यार्थ्यांच्या कुटुंबांना त्यांचा वैयक्तिक कायदा लागू होतो; तेथे सामान्यतः एक तृतीयांशाहून अधिक मिळकत वारसांच्या संमतीवाचून मृत्युपत्राने देता येत नाही. ज्याने त्याने आपल्यापुरते वकिलांना विचारून घ्यावे.

मृत्युपत्र केले म्हणजे सारे झाले, असेही समजू नका. लोकमान्य टिळकांच्या चरित्रातील ताईमहाराज प्रकरण आपण ऐकले असेल. पुण्याचे सरदार बाबामहाराज पंडित ७ ऑगस्ट १८९७ रोजी पटकीने वारले. त्याच दिवशी त्यांनी मृत्युपत्र केले आणि त्यात टिळकांना, दादासाहेब खापर्ड्यांना व अन्य काहींना विश्वस्त नेमले. राजद्रोहाच्या खटल्यात टिळक नुकतेच जामिनावर सुटून आले होते. स्नेह्याचा शब्द त्यांनी मोडला नाही. मागे राहिलेल्या ताईमहाराज तरुण होत्या, गरोदर होत्या. पुढे झालेला मुलगा दोन-तीन महिन्यांतच गेला. मग दत्तक कोणाला घ्यावे यावरून विश्वस्त आणि ताईमहाराज यांचे बिनसले. १९०१ साली औरंगाबादेस एक दत्तविधान झाले, कोल्हापूरला दुसरे. दिवाणी दावे झाले, टिळकांवर फौजदारी खटला झाला, शिक्षा झाली, ती उच्च न्यायालयाने १९०४ साली रद्द केली. अखेरचा निकाल लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १९१५ साली टिळकांच्या बाजूने दिला. अठरा वर्षे! आणि ज्या ताईमहाराजांच्या संसाराची ही व्यवस्था होती, त्या १९०३ सालीच निवर्तल्या होत्या.

टिळकांची सचोटी त्या निकालाने जगापुढे आली. आपण शाळेत तेवढेच शिकवितो. मला मात्र त्यात आणखी एक धडा दिसतो. अखेरच्या घटकेला केलेल्या मृत्युपत्रात सारे काही लिहिले होते, परंतु जिच्यावर त्याचा भार पडणार होता, तिच्याशी आधी निवांत बोलण्यास वेळच उरला नव्हता. कागदाने हक्क ठरतो, मने जुळत नाहीत. म्हणून मृत्युपत्र धडधाकट असताना करावे आणि करण्याआधी घरात बोलावे. एका मुलाने तुमच्यासोबत मुशीपुढे उन्हाळे काढले असतील, दुसरा शिकून नोकरीस लागला असेल आणि तुम्ही कमी-अधिक देणार असाल, तर त्याचे कारण दोघांना तुमच्या तोंडून कळू द्या. मागाहून कागदातून कळले तर भाऊ भावाला दुरावतो.

शेवटी तीन कामे सांगते. शिक्षिका आहे, गृहपाठ दिल्यावाचून वर्ग सोडणार नाही.

पहिले काम वहीचे. दोनशे पानी साधी वही घ्या. खाती, ठेवी, विमा, कर्ज, दुकानाचे भाडेपत्र, गावचा गट क्रमांक, कोणाचे देणे, कोणाचे येणे, सारे लिहा. गलाईवाल्यांनी आणखी एक लिहावे : दुकानात असलेले सोने आपले किती आणि गिऱ्हाइकाचे किती. आपल्या व्यवसायात शब्दावर लाखांचा माल सोपविला जातो. तुमच्या माघारी तो शब्द तुमच्या पत्नीला पाळावयाचा आहे. तो काय होता हे तिला कळले पाहिजे. वही कोठे आहे, ते दोन माणसांना सांगा. दहा वर्षे कोणी न विचारलेल्या ठेवी बँकांकडून रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. त्या शोधण्यासाठी २०२३ साली 'उद्गम' हे संकेतस्थळ सुरू झाले आहे. आपल्या वाडवडिलांची नावे तेथे एकदा घालून पाहा.

दुसरे काम नावाचे. हे माझ्या कार्यालयातले दुखणे आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये दत्तात्रय, आधार कार्डावर दत्ता आणि सातबाऱ्यावर दत्तू. माणूस हयात असताना हा विनोद असतो. तो गेला की वारसांना हा एकच माणूस होता हे सिद्ध करीत फिरावे लागते. हयातीतच कागद जुळवून घ्या. शाळेचा जो दाखला लागेल, तो आम्ही देऊ. तसेच गावी वाडवडिलांच्या मृत्यूनंतर सातबाऱ्यावर वारसनोंद झाली आहे का, ते पाहा. ही वर्दी तीन महिन्यांत द्यावयाची असते. आपल्याकडे तीस-तीस वर्षे आजोबांचेच नाव चालत असते आणि दर पिढीगणिक हिस्सेदार वाढत जातात.

तिसरे काम मृत्युपत्राचे. पत्नीने आणि पतीने, दोघांनी, आपापले.

मी माझे मृत्युपत्र दोन वर्षांमागे केले. आमच्या घरीही प्रथम "अशुभ बोलू नकोस" असेच झाले. चार दिवस बोलणे बंद. पाचव्या दिवशी यजमानांनी विचारले, "मी कुठे सही करायची?" तेव्हापासून घर अधिक हलके झाले आहे, असा माझा अनुभव आहे.

त्या बाई आज तालुक्याच्या गावी शिवणकाम करून घर चालवितात. थोरली मुलगी यंदा आपल्या शाळेत दहावीला आहे. हिशेबाची वही मोठ्या सुबक अक्षरात ठेवते. तिला ते कोणी शिकविले नाही. तिच्यावर ते येऊन पडले. आपल्या मुलांनी ते तिच्यासारखे अकाली शिकू नये, एवढ्यासाठी मी आपला इतका वेळ घेतला.

पुढच्या वर्षी आपण भेटू तेव्हा मी प्रत्येकाला विचारणार आहे, गृहपाठ झाला का. सबब ऐकून घेण्याची सवय मला तेव्हाही नव्हती, आताही नाही.